फिल्मवाल्यांना शेवटचा राउंड आवडतो, आम्हाला तिसरा

ताई, तुम्ही विचारलंत की या थंडीत मंडळाच्या हॉलमध्ये मुलांसाठी चार शनिवार धावण्यावरच्या फिल्म्स दाखवायच्यात, सगळ्या अवॉर्ड मिळालेल्या, तर त्यात खरं धावणं कितपत असतं, बघून मुलं काही भलतंच तर शिकणार नाहीत ना, आणि फिल्म संपल्यावर त्यांना थोडं पळवावं का. मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर असं की शिकतात, हमखास शिकतात, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. १९५७ साली आपल्या ग्वाल्हेरला जे फिजिकल एज्युकेशनचं कॉलेज सुरू झालं, आता त्याला एलएनआयपीई म्हणतात, तिथंच मी शिकलो, मग तीस वर्षं शाळेत पीटीआय, म्हणजे पीटीचा मास्तर, होतो आणि नोकरीच्या आधी सकाळी फौजेच्या भरतीची पोरं पळवायचो, अजूनही पळवतो. मुरैना, भिंड, डबरा कुठून कुठून येऊन इथं खोली करून राहतात, पहाटे चारला मोरारच्या रस्त्यावर कोहऱ्यात, म्हणजे धुक्यात, ह्यांचे फक्त बुटांचे आवाज येतात, माणूस दिसत नाही. फौजेच्या भरतीत सोळाशे मीटर असतात, साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण मार्क. चारशेच्या ट्रॅकचे चार राउंड. आता हे चार राउंड लक्षात ठेवा कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

पहिला राउंड कुणीही पळतो, अंगात रात्रीची झोप असते, आजूबाजूला गर्दी असते. दुसऱ्यात श्वास लागतो पण माणूस खोटं हसतो. चौथा राउंड पण होऊन जातो, समोर फिनिश दिसते, कोणीतरी ओरडत असतं, लाज असते. मरतो तो तिसऱ्यात. तिसऱ्या राउंडला पाय जड होतात, छाती जळते, शेवट अजून लांब असतो आणि मनात एकच आवाज असतो की सोड, पुढच्या भरतीला बघू. कोचचं सगळं काम त्या तिसऱ्या राउंडचं असतं. आणि फिल्मवाले बरोबर तोच कापतात, बंदूक वाजली, सगळे पळाले, दोन क्लोजअप, म्युझिक, आणि डायरेक्ट शेवटचे पन्नास मीटर. मी कुठलीही धावण्याची फिल्म बघायला बसलो की एवढंच बघतो, तिसरा राउंड आहे का नाही.

आता सगळ्यात नावाजलेली घ्या, 'चॅरियट्स ऑफ फायर', १९८१ ची, चार ऑस्कर, त्यात बेस्ट पिक्चर आणि वँगेलिसच्या म्युझिकला पण. समुद्राच्या काठावर पांढऱ्या कपड्यातली पोरं अनवाणी स्लो मोशनमध्ये पळतायत, ते म्युझिक तर फिल्म न बघितलेल्यांना पण पाठ असतं, कोणी जरा हळू पळालं की मागून कोणीतरी तोंडानं ते वाजवतोच. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची गोष्ट आणि बॅकग्राउंडला सिंथेसायझर, म्हणजे विचार केला तर काही मेळ नाही, पण बसतं, का बसतं तर पळताना डोक्यात काय चालू असतं त्याला काळवेळ नसते. स्लो मोशनला लोक नावं ठेवतात, मी नाही ठेवत. शंभर मीटरची रेस साडेदहा सेकंदात संपते, तुम्ही नाक पुसेपर्यंत गेली, त्यात पाय जमिनीला कुठं लागतोय, गुडघा किती उचलला, खांदे कधी कडक झाले हे साध्या डोळ्याला दिसतच नाही. आम्ही पण मोबाइलवर मुलांचं धावणं स्लो करूनच दाखवतो. फरक एवढाच की आम्ही चूक दाखवायला स्लो करतो आणि ते मोठेपणा दाखवायला.

त्यात एरिक लिडेल आहे, स्कॉटलंडचा, मान मागे टाकून तोंड आभाळाकडे करून हात फिरवत पळणारा. तो खरंच तसा पळायचा आणि नटानं ते चांगलं उचललंय. माझ्या ग्राउंडवर असा पोरगा आला असता तर मी पहिल्याच दिवशी त्याची मान सरळ करायला घेतली असती, आणि हा गडी त्या स्टाइलनं चारशे मीटर ४७.६ सेकंदात मारून वर्ल्ड रेकॉर्ड करून गेला, त्यामुळे मी आजकाल मान सरळ करायच्या आधी जरा थांबतो.

पण ह्याच फिल्ममध्ये कोचच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी थाप पण आहे. फिल्ममध्ये लिडेल ऑलिम्पिकला निघालाय, बोटीवर चढताना कळतं की शंभर मीटरची हीट रविवारी आहे, तो धार्मिक, रविवारी पळणार नाही, मग दुसरा एक जण मोठ्या मनानं आपली चारशेची जागा देतो आणि हा जाऊन गोल्ड मारतो. गोल्ड त्यानं खरंच मारलं, पण बाकी असं काही झालं नाही, टाइमटेबल त्याला काही महिने आधीच माहीत होतं आणि त्यानं ते महिने चारशेच्या तयारीला दिले. आता तुम्ही म्हणाल एवढ्यानं काय बिघडलं, फिल्म आहे. बिघडतं ताई. शंभरवाला पोरगा आणि चारशेवाला पोरगा ह्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. शंभरमध्ये माणूस साधारण पन्नास-साठ मीटरला आपल्या टॉपच्या स्पीडला पोचतो आणि मग थोडा थोडा कमी होत जातो, ज्याचा स्पीड बाकीच्यांपेक्षा कमी उतरतो, तो जिंकतो. चारशेमध्ये अडीचशे मीटरनंतर पायात शिसं ओतल्यासारखं होतं, ते सहन करायची सवय शरीराला आठवडे न् महिने देऊन लावावी लागते. ती सवय म्हणजेच लिडेलचे ते महिने, आणि फिल्मनं नेमके तेच उडवले. तिसरा राउंड कापला. दरवर्षी शाळेच्या स्पोर्ट्स डेला एक तरी पोरगा येतो, सर चारशेत एक जागा रिकामी आहे मी पळतो, आणि तीनशेला आडवा होतो.

त्या फिल्ममधला मला सगळ्यात आवडता माणूस खेळाडू नाहीच, कोच आहे, सॅम मुसाबिनी. पैसे घेऊन शिकवणारा म्हणून स्टेडियमच्या आत त्याला मान नाही, तो बाहेर हॉटेलच्या खोलीत बसलाय, राष्ट्रगीत ऐकू येतं तेव्हा त्याला कळतं की आपण शिकवलेला एब्राहम्स शंभर मीटर जिंकला, आणि तो आनंदानं स्वतःच्याच स्ट्रॉ हॅटमध्ये बुक्की मारून ती फाडतो. मी तो सीन दोन-तीन वेळा बघितलाय आणि दर वेळी डोळे भरून येतात, बायको हसते. भरतीच्या दिवशी गेटच्या बाहेर पाच पाच तास उभं राहिलेल्या माणसालाच तो सीन कळतो.

आता आपल्याकडची, 'भाग मिल्खा भाग', २०१३. लोकप्रिय निकोप मनोरंजन असा काहीतरी जो नॅशनल अवॉर्ड असतो तो तिला मिळाला. फिल्म सुरूच होते रोमच्या १९६० च्या चारशेच्या फायनलनं, मिल्खा पुढे आहे, मागून लहानपणीचा आवाज येतो, तो मागे वळून बघतो आणि मेडल जातं. फाळणीचं दुःख एका मानेच्या झटक्यात सांगितलं, डायरेक्टरला मानलं पाहिजे. पण मुलांना फिल्म दाखवल्यावर विचारा की मिल्खा का हरला, सगळे एकसुरात सांगणार, मागे बघितलं म्हणून. मिल्खासिंगनी स्वतः किती तरी वेळा सांगितलंय की अडीचशे मीटरपर्यंत मी खूप जोरात गेलो, मग वाटलं हा स्पीड शेवटपर्यंत टिकणार नाही म्हणून जरा ढिला पडलो, आणि मग गेलेले भेटलेच नाहीत. म्हणजे पेसचा हिशोब चुकला. ४५.७३ सेकंद, चौथा नंबर, पहिले दोघं इतके चिकटून आले की पहिला कोण ते फोटोवरून ठरलं आणि दोघांनी वर्ल्ड रेकॉर्ड तोडलं. आणि मिल्खाच्या त्या रेसचं टायमिंग हिंदुस्थानात १९९८ पर्यंत कोणाला तोडता आलं नाही. मागे बघितलं म्हणून हरला ही गोष्ट झाली, अडीचशेला हिशोब चुकला म्हणून हरला हे धावणं झालं, आणि ही दुसरी गोष्ट मला जास्त करुण वाटते कारण ती आपल्या प्रत्येकाबरोबर होते.

ट्रेनिंगचा भाग मात्र सांभाळून दाखवा. टायर ओढणं, बनियनचा घाम पिळून पेला भरणं, हे सगळं बघायला भारी आहे. फिल्म आली त्याच्या पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे एक पोरगा कमरेला ट्रकचा टायर बांधून आला, ट्रकचा, स्कूटरचा पण नाही, आणि चौथ्या दिवशी कंबर धरून घरी बसला. दुसरे दोघं पाणी प्यायचे बंद झाले, का तर मिल्खा पण असाच तापायचा. जुलैची उमस, ग्वाल्हेरची, तुम्हाला माहीतच आहे. मी त्यांना म्हटलं अरे घाम मोजायचा असतो तो परत भरायला, पळायच्या आधी वजन करा, नंतर करा, जितकं कमी झालं तितकं पाणी गेलं, ते प्या. आणि फरहान अख्तरची बॉडी बघून चारशे पळायला अशी छाती लागते असं जे पोरांना वाटतं त्यांना मी मिल्खासिंगचे जुने फोटो दाखवतो, काटक सडपातळ फौजी, बस.

आता येतो घरच्या फिल्मवर. 'पान सिंग तोमर'. हिच्यावर मी तासभर बोलू शकतो. २०१२ ला थेटरात आली, बेस्ट फीचर फिल्मचा नॅशनल अवॉर्ड, इरफान खानला बेस्ट ॲक्टर, आणि मराठी माणसाला आवर्जून सांगायची गोष्ट म्हणजे त्या वर्षीचा बेस्ट ॲक्टर दोघांत वाटला गेला होता, दुसरे आपले विक्रम गोखले, 'अनुमती'साठी. पान सिंग भिडोसा गावचा, मुरैना जिल्हा, म्हणजे माझी अर्धी पोरं जिथून येतात तिथला. सात वर्षं नॅशनल चॅम्पियन, मग जमिनीच्या भांडणात बागी, आणि १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या गोळीनं गेला. चंबळच्या बाजूला डाकू म्हणत नाहीत, बागीच म्हणतात, आणि आमच्या मराठी घरात आजी पण बागीच म्हणायची, पुण्याचे पाहुणे आले की त्यांना बागी म्हणजे बाग करणारा वाटायचा.

फिल्ममध्ये तो खेळात का जातो? देशासाठी नाही, मेडलसाठी नाही, खुराकसाठी. फौजेत स्पोर्ट्सवाल्यांना पोटभर मिळतं म्हणून. हे इतकं खरं आहे ताई. माझ्या तीस वर्षांत मला धावणं आवडतं म्हणून आलेली पोरं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील, बाकी सगळी नोकरीसाठी, त्यात वाईट काही नाही. आवड नंतर लागते, कधी कधी नोकरी न लागल्यावर पण राहते. मग ती आइस्क्रीमची गोष्ट, साहेब त्याला आइस्क्रीमचा डबा देतो घरी पोचवायला, वितळायच्या आत हा पळत पोचवतो. ही मी बघितलेली सगळ्यात चांगली टाइम ट्रायल आहे, स्टॉपवॉच नाही, ट्रॅक नाही, पण घड्याळ हातात आहे आणि ते वितळतंय.

पुढे कोच त्याला स्वतःच्या घरच्या कारणापायी पाच हजार मीटर सोडायला लावतो आणि स्टीपलचेसमध्ये टाकतो, आणि हा टाकलेल्या इव्हेंटमध्ये देशात पहिला येतो. स्टीपलचेस मुलांना समजावून सांगा नाहीतर त्यांना वाटेल हर्डल रेस आहे. तीन हजार मीटर, त्यात अठ्ठावीस वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. अडथळा म्हणजे साधं हर्डल नव्हे की पाय लागला की पडलं, हा जाडजूड लाकडी ओंडका असतो, जवळजवळ कमरेइतका, तीन फुटांचा, धक्का लागला तर तो जागेवर राहतो आणि तुम्ही पडता. पाण्याच्या खड्ड्याच्या वेळी त्यावर पाय देऊन पलीकडे उडी मारायची, खड्डा ओंडक्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जातो, जितकी लांब उडी तितका पाय कमी भिजतो, पण तितकी ताकद जास्त जाते. मग भिजलेल्या बुटांनी पुढचा राउंड. म्हणजे ज्याची लय सारखी सारखी तुटते आणि परत परत जुळवावी लागते अशी ही रेस आहे, आणि त्या माणसाचं आयुष्य बघितलं तर दुसरी कुठली रेस त्याला शोभलीच नसती. डायरेक्टर तिग्मांशू धुलियानं हे भाषण देऊन नाही सांगितलं, त्यानं बीहडमध्ये, म्हणजे चंबळच्या दऱ्याखोऱ्यांत, पळणारा बागी दाखवला, नाले ओलांडत, आणि बघणाऱ्याला आपोआप ट्रॅक आठवतो.

इरफान पळताना सुंदर दिसत नाही. खांदे जरा वर, तोंड वेडंवाकडं, पाऊल जमिनीवर आपटत. मला तेच आवडलं, थकलेला माणूस असाच पळतो. फिल्मी हीरो पळताना केस उडवतात, आणि पाय पुढे फेकून टाचेवर पडतात, त्यानं प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो, त्यांना चार राउंड काय एक पण धड होणार नाही.

आणि टोकियो, १९५८ चे एशियन गेम्स. फिल्ममध्ये त्याला ऐन फायनलच्या आधी स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, देतात, कधी घातलेले नाहीत, आणि त्यातच तो हरतो. थेटरात लोक हळहळले, मी तर शिव्याच दिल्या, कारण एका जिल्हा मीटला माझ्याच पोराचं हे झालेलं. मामानं दिल्लीहून भारी शूज आणले, आदल्या रात्री मला न सांगता ह्यानं ठरवलं की उद्या तेच घालायचे, हजार मीटरला टाचेचं सालपट निघालं, पंधराशेत सहावा. रेसच्या दिवशी नवीन काही नाही, शूज नाही, मोजे नाही, नाश्ता पण नाही. हा एक नियम जरी मुलं त्या फिल्ममधून शिकली तरी तिकिटाचे पैसे वसूल.

शेवटी पडद्यावर काही खेळाडूंची नावं येतात, हलाखीत गेलेल्यांची. त्यात खाशाबा जाधव आहेत, १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणणारे आपले कराडकडचे, आणि हॉकीचे गोलकीपर शंकर लक्ष्मण, महूचे, म्हणजे इंदूरच्या शेजारचे. लाइट लावायची घाई करू नका तेव्हा. फिल्ममध्ये गोळीबार आणि शिव्या आहेत म्हणून ही मोठ्या मुलांनाच, नववीच्या पुढे.

छोट्यांसाठी एकच, 'चिल्ड्रन ऑफ हेवन', इराणची, माजिद मजिदींची, १९९७. ऑस्करला नॉमिनेट झाली, मिळालं नाही, पण माँट्रियलच्या फेस्टिव्हलमध्ये सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात, घरी सांगायची सोय नाही, मग एकाच जोडीत दोघांची शाळा, ती सकाळी, तो दुपारी, आणि रोज गल्लीबोळातून पळत येऊन बूट बदलायचे. म्हणजे पोराचं ट्रेनिंग रोज चालूच आहे, त्याला माहीत नाही एवढंच. मग रेस येते, तिसऱ्या नंबरला बूट आहेत म्हणून ह्याला तिसरं यायचंय, पहिलं नाही, दुसरं पण नाही. बघा काय डोकं लावलंय, पुढे दोघं पाहिजेत, दोनच पाहिजेत, त्यासाठी सतत मान वर करून मोजत राहायचं. ही एकच फिल्म आहे जिच्यात मुलगा पूर्ण रेसभर हिशोब करत पळतो, आणि खरं लांब पल्ल्याचं धावणं हा हिशोबच असतो. शेवटी धक्काबुक्कीत हिशोब फिसकटतो आणि तो पहिला येतो, आणि रडतो. मुलांना विचारा तो का रडला, मोठ्यांपेक्षा चांगली उत्तरं देतील.

'बुधिया सिंग', २०१६, बेस्ट चिल्ड्रन्स फिल्मचा नॅशनल अवॉर्ड. बुधियाचं काम करणारा मयूर पाटोळे आपला मराठी पोरगा आणि कोचच्या कामात मनोज बाजपेयी. ही मुलांना नको, पालकांना दाखवा. खरी घटना आहे, २००६ च्या मे महिन्यात चार वर्षांचं पोर पुरीहून भुवनेश्वरकडे पासष्ट किलोमीटर पळालं, सात तास दोन मिनिटं, आणि शेवटी कोसळलं. फिल्म कोचला पूर्ण राक्षस पण करत नाही आणि देव पण नाही, झोपडीतल्या पोराला त्यानं खायला घातलं हे पण खरं आणि उन्हात पळवलं हे पण खरं. कोच म्हणून मला ती फिल्म बघताना खुर्चीत नीट बसता आलं नाही. पोरगा चांगला निघाला की आपल्याला पण हाव सुटते, खोटं कशाला बोलू. लहान मुलांची हाडं टोकाला कच्ची असतात, तिथूनच ती वाढतात, उष्णता पण त्यांना मोठ्यांसारखी बाहेर टाकता येत नाही, चार वर्षांच्या पोरानं पकडापकडी खेळायची असते, बाकी काही नाही. आपल्याकडे पण एका शाळेनं मागे दुसरीच्या मुलांची पाच किलोमीटरची दौड ठेवलेली, मी नाही म्हटलं तर मलाच जुन्या विचारांचे म्हणाले.

बायकांच्या धावण्यावर अवॉर्डवाली फिल्म म्हटली की मला पहिली आठवते ती मराठीच, 'लता भगवान करे'. साठीच्या पुढची बाई, नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नाहीत म्हणून बारामतीच्या रेसमध्ये लुगडं नेसून अनवाणी पळाली आणि जिंकली, आणि फिल्ममध्ये स्वतःचं काम त्यांनी स्वतःच केलंय, नॅशनल अवॉर्डमध्ये स्पेशल मेन्शन मिळालं. फिल्म म्हणून ती थोडी कच्ची आहे, रडवायची घाई करते. पण लताबाई पळतात ते बघा, शेतात राबलेलं शरीर, पाऊल छोटं, पटपट, पायाचा पुढचा भाग आधी टेकणारं, अनवाणी माणूस सहसा टाच आपटत पळत नाही, दुखतं. दोन हजारांचे शूज घेऊन टाच आपटत पळणाऱ्यांना मी त्यांचं उदाहरण देतो. तुमच्या महिला मंडळाला ही दाखवा, आणि नंतर कोणी मला घरी फोन करून साडीत पळू का विचारलं तर मी तुमचं नाव सांगणार.

बाकीच्या पटकन सांगतो. 'फॉरेस्ट गंप', सहा ऑस्कर, तीन वर्षं दोन महिने चौदा दिवस आणि वर सोळा तास पळतो आणि एक दिवस थकलो म्हणून थांबतो. टेक्निकली सगळं अशक्य, पण लोक त्याला विचारतात कशासाठी पळतोस आणि त्याच्याकडे उत्तर नसतं, ते मला पटतं. 'गॅलिपोली', १९८१ चीच, ऑस्ट्रेलियाची, तिथले मोठे अवॉर्ड्स मिळालेली, दोन धावपटू पोरं पहिल्या महायुद्धात जातात, शेवट इतका वाईट आहे की मुलांना नकोच. आणि १९६२ ची ब्रिटिश 'द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर', नटाला नवीन चेहऱ्याचा बाफ्टा, म्हणजे तिकडचा मोठा फिल्म अवॉर्ड, मिळाला, सुधारगृहातला पोरगा सगळ्यांच्या पुढे असून फिनिशच्या आधी मुद्दाम थांबतो. कोच म्हणून राग येतो, माणूस म्हणून नाही. त्यात पहाटे एकटा पळतानाचे सीन खरे आहेत, विचार कुठून कुठं जातात ते.

आणि तिसरा राउंड पूर्ण दाखवणारी कुठली म्हणाल तर गोष्टीची फिल्म नाहीच, डॉक्युमेंट्री आहे, 'टोकियो ऑलिंपियाड', कोन इचिकावांची, १९६५, बाफ्टा मिळालेली. १९६४ च्या ऑलिम्पिकची. जपानच्या कमिटीला ती आवडली नव्हती म्हणे, त्यांना विजेते आणि झेंडे पाहिजे होते आणि ह्या माणसानं काय काढलं तर घाम, पाय, वाट बघणारे चेहरे. आफ्रिकेतल्या चाडचा एक आठशे मीटरवाला आहे, सेमीफायनलला बाहेर पडतो, कॅमेरा त्याच्या मागे मागे, एकटा जेवतोय, कोणाशी बोलायला नाही. आणि मॅरेथॉन. पाण्याच्या टेबलाशी थांबलेले, बुटातून पाय काढून बसलेले, पाय रक्ताळलेले, आणि मध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला, महिना-दीड महिन्यापूर्वी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला, स्लो मोशनमध्ये नुसता चेहरा, काही म्हणजे काही हालत नाही त्या चेहऱ्यावर, मिनिटभर, अजून मिनिटभर. कंटाळा येईल असं वाटतं आणि मग कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी दिसायला लागतं. दोन तास बारा मिनिटांत वर्ल्ड बेस्ट करून आला आणि मैदानावर पडून व्यायाम करत बसला. त्याच्या मागून जपानचा त्सुबुराया दुसरा म्हणून स्टेडियममध्ये शिरला, आपल्याच लोकांसमोर ट्रॅकवर ब्रिटनच्या हीटलीनं त्याला गाठलं आणि तो तिसरा झाला. सव्वातीन वर्षांनी, १९६८ च्या जानेवारीत, त्या पोरानं आत्महत्या केली. हे मुलांना सांगू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या. पूर्ण फिल्म जवळजवळ तीन तासांची आहे, फक्त मॅरेथॉनचा भाग लावा.

तर पहिला शनिवार 'चिल्ड्रन ऑफ हेवन', दुसरा मिल्खा, तिसरा मोठ्यांना 'पान सिंग', चौथ्याला 'चॅरियट्स'मधले निवडक सीन आणि टोकियोची मॅरेथॉन. 'चॅरियट्स' पूर्ण लावली तर मुलं मध्येच उठून पोहे कुठं आहेत विचारतील.

फिल्मनंतर पळवा, नक्की पळवा, पण त्याच संध्याकाळी नाही, तेव्हा सगळे मिल्खा झालेले असतात. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी ऊन वर आल्यावर माझ्या ग्राउंडवर आणा. घड्याळं मोबाइल सगळं काढून घ्यायचं, दोन-दोन राउंड, आणि जिंकणार तो ज्याचा दुसरा राउंड पहिल्याच्या सगळ्यात जवळच्या टाइममध्ये असेल, मग तो शेवटून पहिला का असेना. स्टॉपवॉच घेऊन मी उभा राहतो, टाइम लिहायला तुमच्यातलं कोणीतरी द्या. बक्षिसाला मुरैन्याची तीळगुळाची गजक मी आणतो, तेवढं फक्त मुलं किती येणार ते शुक्रवारपर्यंत कळवा.